आफ्रिकेला जरूर जा, पण मे महिन्यात नको

पत्र:
सप्रेम नमस्कार. मी शाळेतून निवृत्त झाले, वय 61. यजमान 67 वर्षांचे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहे, गोळ्यांवर व्यवस्थित चाललंय. आम्हा दोघांना जंगलाचं वेड. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा कितीदा तरी झालं. आता एकदा आफ्रिका बघायची आहे. नातू 8 वर्षांचा आहे, त्याला सिंह बघायचाय. मुलगा-सुनेला रजा मिळत नाही, त्यामुळे त्याला आम्हीच नेणार. शाळेला सुट्टी म्हणून मे महिना धरलाय. बर्डीवरच्या एका टूरवाल्याने केनियाचं 8 दिवसांचं पॅकेज दिलं आहे: अंबोसेली, त्सावो, नैवाशा, नाकुरू आणि मसाई मारा. 'बिग फाइव्ह शंभर टक्के दाखवतो' म्हणाला. माझे गुडघे दुखतात. इंजेक्शनंही घ्यावी लागतात म्हणे. आगाऊ रक्कम याच आठवड्यात भरायची आहे. भरू का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

ताई,

या आठवड्यात पैसे भरू नका. जायचं मात्र नक्की ठेवा, आणि नातवाला घेऊनच जा. आठ वर्षांचं पोर पहिल्यांदा मोकळा सिंह बघेल तेव्हा शेजारी आजी-आजोबा असतील, यासाठी केलेला खर्च मला कधीच जास्त वाटणार नाही. पण टूरवाल्याच्या कागदात महिना चुकलाय, रस्ता चुकलाय, आणि तुमच्या यजमानांच्या तब्येतीचा विचार त्यात कुठेच दिसत नाही. तब्येतीपासूनच सुरुवात करते, कारण कोणत्या देशात जायचं ते तिच्यावर ठरणार आहे.

केनिया आपल्या सरकारच्या यलो फीव्हरच्या, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या एका विषाणूजन्य तापाच्या, यादीत आहे. तिथून परत येताना लस घेतल्याचा दाखला विमानतळावर दाखवावा लागतो. तो नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची असते आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. नेहमीच्या दवाखान्यात टोचून घेतलेली चालत नाही. एकदा घेतली की दाखला जन्मभर पुरतो, 2016 पासून तसा नियम आहे. इथवर सगळं सोपं आहे. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. असा त्रास फार कमी जणांना होतो, तरी डॉक्टर या वयात प्रत्येकाचा वेगळा विचार करतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा थायमस ग्रंथीचा आजार झालेला असेल, तर सहसा देतच नाहीत. तुम्ही दोघंही साठीपुढचे. म्हणून टूरवाल्याआधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे जा, दोघांच्या सगळ्या गोळ्यांची यादी समोर ठेवा आणि एवढंच विचारा: आम्हाला ही लस चालेल का?

डॉक्टर हो म्हणाले तर केनिया. नाही म्हणाले तर 'जुगाड करून दाखला मिळवून देतो' म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, सरळ दक्षिण आफ्रिका धरा. तो देश यलो फीव्हरच्या यादीत नाही. फक्त विमान नैरोबी किंवा इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे घेऊ नका (ते दोन्ही देश यादीत आहेत), आखातातून जा, म्हणजे दाखल्याचा प्रश्नच यायचा नाही. तिथलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान जवळपास 20,000 चौरस किलोमीटरचं आहे, मुख्य रस्ते डांबरी आहेत, गुडघ्यांना बरं. मलेरियाचीही धास्ती नको असेल तर पिलान्सबर्ग आणि माडिक्वे ही दोन राखीव जंगलं मलेरियामुक्त भागात आहेत, आणि सिंह तिथेही आहेत.

आता मे महिना. तुम्ही तो का धरलात ते मला पक्कं कळतं. सुट्टी तर आहेच, शिवाय आपल्याकडे ऊन जितकं कडक तितकं साईटिंग चांगलं. नवतपात पाणवठ्यावर वाघ येऊन बसतो, म्हणून आपण भाजून निघत का होईना ताडोबा गाठतो. हे गणित केनियात चालत नाही. तिथे मार्च ते मे हा मोठा पावसाळा. पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राणी पांगतात आणि कच्चे रस्ते चिखलात जातात. माराच्या बऱ्याच भागात काळी कापसाची जमीन आहे. ही जमीन ओली झाली की गाडीचं काय होतं, ते वैदर्भीय माणसाला मी काय सांगणार!

तुमच्या नातवाची शाळा नागपुरातली आहे, याचा फायदा घ्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. मृग लागला की निघा आणि शाळा उघडायच्या आत परत या. जूनमध्ये तिथला मोठा पाऊस ओसरलेला असतो, हवा थंड असते, गर्दी नसते. पैशाचाही मोठा फरक आहे. 2024 पासून मसाई मारात परदेशी प्रौढ पाहुण्याला जूनअखेरपर्यंत दिवसाला 100 डॉलर शुल्क आहे, 1 जुलैपासून तेच 200 होतं. तुम्ही दोघं चार दिवस राहिलात तर नुसत्या प्रवेशातच 800 डॉलर वाचतात. पॅकेजमध्ये हे शुल्क मिळवलेलं असतं, त्यामुळे जूनसाठी जुलैचा दर लावलेला नाही ना, एवढं विचारून घ्या.

जूनची एक उणीव आधीच सांगते. पावसानंतर गवत वाढलेलं असतं, त्यामुळे चित्ता-बिबट्या शोधायला नजर लागते. आणि ज्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते वाइल्डबीस्टचं मारा नदी ओलांडणं बहुधा दिसणार नाही. दहा लाखांहून जास्त जनावरांचे ते कळप वर्षभर पावसामागे फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च ते टांझानियात सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात, तिथेच पिल्लं होतात. जूनमध्ये सेरेंगेटीच्या पश्चिम भागात असतात, आणि मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर. पण नदी ओलांडणं म्हणजे तासन्‌तास काठावर गाडीत बसून राहणं. कळप पाण्यापर्यंत येतो, पुढचं जनावर थबकतं आणि अख्खा कळप मागे फिरतो, असंही पुष्कळदा होतं. लहान मूल आणि दुखरे गुडघे सोबत असताना मी हा हट्ट धरला नसता. सिंह कुठेही जात नाहीत, ते बारा महिने मारातच असतात. नातवाला सिंहच बघायचाय ना?

आता रस्ता. आठ दिवसांत पाच जंगलं म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि रोज दुपारी नव्या खोलीत उघडायच्या. नैरोबीहून मारा पाच-सहा तास. अंबोसेलीहून मारा गाठायचा तर अख्खा दिवस रस्त्यावर. त्सावोची दोन्ही उद्यानं मिळून 20,000 चौरस किलोमीटरच्या वर जातात. आपला ताडोबा-अंधारी प्रकल्प बफरसकट 1,727. ताडोबासुद्धा एका मुक्कामात कळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग त्सावो एका रात्रीत काय कळणार? अंबोसेली सुंदर आहे, पण तुमच्या आठ दिवसांत बसत नाही. हत्ती मारातही मनसोक्त दिसतात. किलिमांजारोसाठी जीव अडकत असेल तर तो पहाटे दिसतो आणि पुष्कळदा थोड्याच वेळात ढगात जातो, हे लक्षात असू द्या.

मी तुमच्या जागी असते तर नैरोबीत एक रात्र विश्रांती, मग नाकुरूजवळ दोन रात्री, मग मारात सलग चार रात्री, असा कार्यक्रम केला असता. नाकुरू गेंड्यांसाठी. तिथे काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे आहेत, मारात गेंडा कमी आणि अवघड. परतीला मारातून छोट्या विमानाने नैरोबीच्या विल्सन विमानतळावर या. पाऊण तासात पोहोचता आणि गुडघ्यांची एक खडतर खेप वाचते. त्या विमानात सामान माणशी 15 किलो चालतं, तेही मऊ बॅगेत. कडक कवचाची चाकाची सूटकेस घेत नाहीत.

चार रात्री एकाच जंगलात का, ते सांगते. मारात एकदा आमच्या गाइडला लांबवर वारुळावर बसलेली चित्त्याची मादी दिसली. त्याने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. ती नुसती बसली होती. डोळ्यांपासून ओठांपर्यंत उतरलेल्या त्या काळ्या रेघा, श्वासागणिक हलणाऱ्या बरगड्या, आणि मान तेवढी सावकाश इकडून तिकडे. दोन-तीन व्हॅन आल्या, फोटो काढून निघून गेल्या. त्यांना संध्याकाळच्या आत दुसऱ्या मुक्कामाला पोहोचायचं होतं. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं. बऱ्याच वेळाने ती वारुळावरून उतरली, पक्ष्यासारखा बारीक आवाज काढला, आणि आमच्यासमोरच्या गवतातून, जिथे इतका वेळ काही नाही असं आम्ही धरून चाललो होतो, तिथून तिची पिल्लं उठली. मानेवर राखाडी केसांची झूल असलेली, गवतात अडखळत तिच्याकडे निघाली. नातवाला असं काही दिसावं असं वाटत असेल तर त्याच्या आजीच्या हातात वेळ हवा, आणि वेळ जंगलं कमी केल्याशिवाय मिळत नाही.

'बिग फाइव्ह शंभर टक्के' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. सिंह, हत्ती, म्हैस, गेंडा आणि बिबट्या यांतला बिबट्या कुणाच्या बापाचा नोकर नाही. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर कुणी वाघाची हमी दिली असती तर तुम्ही त्याला काय म्हणाला असतात? तेच इथे म्हणा.

हमीऐवजी टूरवाल्याकडून गाडी आणि गाइड लेखी घ्या. आपल्याकडे गेटवर जिप्सी आणि गाइड नंबराने मिळतो. तिथे बहुधा ड्रायव्हरच गाइड असतो आणि पूर्ण दौऱ्यात तोच एक माणूस तुमच्याबरोबर राहतो. तो चांगला तर सगळं चांगलं. केनियात व्यावसायिक सफारी गाइडांची संघटना परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे बिल्ले देते. 'सिल्व्हर बिल्ल्याचा गाइड पाहिजे' असं स्पष्ट सांगा. थोडे पैसे जास्त लागले तरी ते इथेच घाला, हॉटेलच्या ताऱ्यांवर नको. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह लँड क्रूझर हवी, टप उघडणारी, प्रत्येकाला खिडकी मिळेल अशी. स्वस्त पॅकेजमध्ये व्हॅन देतात. कोरड्या रस्त्यावर ती चालते, पण संध्याकाळी सर आली की त्या काळ्या जमिनीत रुतते. गाडी तुमच्यापुरती आहे की अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायची, हेही विचारा. छोटं मूल सोबत असेल तर स्वतंत्र गाडीच बरी. त्याला भूक लागेल, झोप येईल, एकाच झेब्र्याकडे अर्धा तास बघावंसं वाटेल. लँड क्रूझरची पायरी उंच असते, म्हणून चढायला छोटं स्टूल ठेवायला सांगा.

एक बाईमाणसाची गोष्ट मोकळेपणाने लिहिते, कारण टूरवाले ती कधीच बोलत नाहीत. दिवसभराच्या फेरीत बाथरूमचं काय? गेटवर आणि धावपट्ट्यांजवळ सोय असते, इतर वेळी गाइडला सुरक्षित जागा माहीत असतात. त्याला वेळेवर सांगायचं, त्याला यात काही नवल वाटत नाही. या धास्तीने पाणी पिणं मात्र कमी करू नका. तुमच्या यजमानांनी तर मुळीच नको.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तिघांनीही घ्यायच्या. कोणती गोळी ते वय, वजन आणि चालू औषधं बघून ठरतं. नातवासाठी बालरोगतज्ज्ञांनाच विचारा, मोठ्यांची गोळी तोडून देऊ नका. या गोळ्या परत आल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्या लागतात आणि घरी पोहोचलं की माणसं नेमकं तेच विसरतात. तुम्ही जूनच्या शेवटी परत याल तेव्हा नागपुरात पावसाळी तापांची साथ सुरू होत असेल. पुढच्या काही महिन्यांत तिघांपैकी कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आम्ही आफ्रिकेहून आलोय' हे सांगा. नाहीतर तपासणी डेंग्यूपासून सुरू होईल, आणि तिथला फाल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार थांबायला वेळ देत नाही.

यजमानांची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. लागतील त्याहून आठवडाभराची जास्त ठेवा. विमा काढताना मधुमेह आणि रक्तदाब लपवू नका, आणि विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचून घ्या. मारात मोठं रुग्णालय जवळ नाही, गंभीर रुग्णाला हवाई रुग्णवाहिकेने नैरोबीला नेतात.

नातवाचे आई-बाप सोबत नाहीत, म्हणून त्या दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याचा जन्मदाखला जवळ असू द्या. दक्षिण आफ्रिका ठरली तर यात हयगय चालतच नाही, तिथे मुलांच्या कागदांबाबत फार कडक आहेत. पासपोर्ट तिघांचेही परतीनंतर सहा महिने तरी चालणारे हवेत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तारीख आजच बघा. केनियाला 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना, काढावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर स्वतः काढता येतो.

बॅग भरताना आपली एक सवय सोडावी लागेल. चिवडा पिशवीत, चपला पिशवीत, ओले कपडे पिशवीत. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि 2020 पासून अभयारण्यांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या, स्टीलच्या बाटल्या आणि घट्ट झाकणाचे डबे घ्या. डबा तंबूत उघडा ठेवू नका आणि तंबूची चेन कायम लावलेली असू द्या, माकडं फार धीट असतात. जेवणाची काळजी करू नका. केनियात गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शाकाहारी जेवण सहज मिळतं आणि चपाती तर तिथल्या लोकांच्या रोजच्या खाण्यात आहे.

आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून नागपूरकर सुती शर्टांवर निघतात. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. जूनच्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत आपल्या डिसेंबरसारखं गारठायला होतं. तिघांना कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच. कपडे मातकट, खाकी रंगांचे. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते. नातवाची मिलिटरी प्रिंटची पँट असेल तर ती घरीच राहू द्या, केनियात सामान्य माणसाने तसे कपडे घालायला मनाई आहे.

नातवाला आत्ताच त्याची स्वतःची दुर्बीण घेऊन द्या, हलकी, 8 पटीची. रविवारी सकाळी अंबाझरीवर नेऊन पाणपक्ष्यांवर हात बसू द्या. गाडीत बसल्यावर दुर्बीण कशी लावायची ते शिकवत बसलं तर चित्ता निघून जातो. तुम्हा दोघांना मात्र नव्याने फारसं शिकायचं नाही. चितळाचा कॉल ऐकून थांबायची सवय तुम्हाला आहेच. तिथे मोकळ्या माळावर कानापेक्षा डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवायची. जिराफ किंवा इंपालाचा कळप चरणं थांबवून एकाच दिशेला बघत उभा राहिला, की गाइडला गाडी थांबवायला सांगा.

टूरवाल्याला आज फोन करून सांगा: मे नको, जूनचा दुसरा आठवडा, पाच जंगलं नकोत, नाकुरू आणि मारा, लँड क्रूझर आणि गाइडचा बिल्ला लेखी, रद्द केलं तर किती रक्कम परत मिळेल, तेही लेखी. आणि पॅकेजवर टूरवाल्याने आधीच घेतलेल्या कराचा, म्हणजे टीसीएसचा, दाखला मागून घ्या, ती रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. तो या बदलांना तयार नसेल तर दुसरा बघा, नागपुरात त्यांची वाण नाही. पण आगाऊ रक्कम डॉक्टरांकडे जाऊन आल्यावरच. दक्षिण आफ्रिका ठरली तर मला कळवा. तिचा व्हिसा आणि मुलांचे कागद वेगळे आहेत, ते सविस्तर लिहीन.